आधी खांदा बघावा

लातूरच्या एका वसतिगृहात, तिसऱ्या मजल्यावर, दोन मुली एका खोलीत राहत होत्या. एक सानिका, अहमदपूरकडची. दुसरी वैष्णवी, देवणी तालुक्यातल्या एका लहान गावातली. दोघी सतरा वर्षांच्या, दोघी बारावी सायन्सला, दोघींच्या उशाशी नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तीच जाडजूड पुस्तकं. आणि दोघी दमलेल्या. बाहेरून बघणाऱ्याला दोघींचं दमणं एकसारखंच दिसायचं. या गोष्टीतला निम्मा घोळ तिथूनच सुरू झाला.

पहिला तास सकाळी साडेसहाला. त्यासाठी साडेपाचला उठायचं, अंघोळीला नंबर लावायचा, ओल्या केसांनीच वर्गाकडे धावायचं. दुपारी दोनपर्यंत वर्ग, मग मेस, मग अभ्यासिका. अभ्यासिका अकराला बंद व्हायची, पण खोलीतले टेबललॅम्प त्यानंतरही जळत राहायचे. सानिका एक वाजता आडवी व्हायची आणि मग अर्धा तास मोबाइल बघायची. दिवसभरातला तेवढाच वेळ तिचा स्वतःचा होता, म्हणून तो सुटत नव्हता. सकाळचा नाश्ता आठच्या सुट्टीत मिळायचा. रांग मोठी असायची, त्यामुळे चहा आणि दोन बिस्किटांवर भागायचं. दुपारी जेवण झालं की तरतरी येण्यासाठी पुन्हा चहा.

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रात्री आठ ते दहा तास झोप लागते. वयात येताना मेंदूतलं झोपेचं घड्याळ पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं. म्हणजे दहाला अंथरुणावर पडलं तरी डोळा लागत नाही आणि पहाटे उठवलं तर झोपेच्या ऐन भरात उठवलं जातं. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं याच कारणासाठी सांगितलं, की मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नका. आपल्याकडे २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारनं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवायला सांगितले. ते चांगलंच झालं. पण ज्यांचं घड्याळ निसर्गतःच उशिरा चालतं ती नववी-बारावीची मुलं त्या निर्णयात नाहीत, आणि शिकवणी वर्गांना तर कुणी वेळ विचारतच नाही.

सानिकाच्या टेबलाच्या खणात पाटीवरच्या पेन्सिलींचा एक पुडा असायचा. लिहायला नव्हे, खायला. वैष्णवीनं पहिल्यांदा तो कुरकुर आवाज ऐकला तेव्हा तिला वाटलं, चणे-फुटाणे असतील. सानिकानं लाजत पुडा दाखवला. "सवय आहे गं. खाल्ल्याशिवाय राहवत नाही." जिने चढताना ती दुसऱ्या मजल्यावर थांबायची, कठड्याला धरून श्वास घ्यायची. केस पुष्कळ गळायचे. पाळीचे सात-आठ दिवस तर ती वर्गात सगळ्यात मागच्या बाकावर, भिंतीला टेकून बसायची. घरी फोनवर सांगितलं की आई म्हणायची, "बायकांना एवढं असतंच. आम्ही नाही का काढलं?"

वैष्णवीची कथा निराळी. ती खो-खो खेळणारी मुलगी. शाळेत असताना तालुक्याच्या संघात होती, खांबाला वळसा घालून सुटली की हाताला लागायची नाही. तिसरा मजला ती दोन-दोन पायऱ्या टाकत चढायची. गणपती उठले त्याच आठवड्यात तिला डेंग्यू झाला. प्लेटलेट उतरल्या, सलाईन लागलं, पाच दिवस दवाखान्यात काढले. आठव्या दिवशी ती परत वर्गात होती, कारण टेस्ट सिरीज सुरू झाली होती आणि बुडालेला पेपर पुन्हा होत नव्हता.

अशक्तपणा राहणारच, असं सगळे म्हणाले. तेही खरंच होतं. पण पंधरा दिवस गेले, महिना गेला. रात्री नऊ तास झोपूनही ती सकाळी उठायची तेव्हा झोपलोच नाही असं वाटायचं. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. वाचलेलं पान परत वाचावं लागायचं, आणि तिसऱ्यांदाही. आणि सर्वांत विचित्र म्हणजे एखादा दिवस चांगला जायचा. त्या दिवशी ती मागे राहिलेलं सगळं भरून काढायची, आठ-नऊ तास अभ्यास, चार वेळा वर-खाली. दुसऱ्या दिवशी ठीक. तिसऱ्या दिवशी मात्र पांघरूण बाजूला सारायचीही ताकद नसायची, घसा दुखायचा, उजेड डोळ्यांना टोचायचा. मैत्रिणी म्हणायच्या, "परवा तर ठणठणीत होतीस की!" वर्गात सर सगळ्यांसमोर म्हणाले, "ज्यांना झोपायचंय त्यांनी घरी जाऊन झोपावं. इथे जागा कमी आहेत." नाव कुणाचं घेतलं नाही. वैष्णवीला कळलं.

तिच्या वडिलांना, बालाजींना, मी दोष देणार नाही. पाच एकर कोरडवाहू, त्यातलं सोयाबीन विकून फीचा पहिला हप्ता भरलेला, दुसऱ्यासाठी उसनवारी. असा माणूस मुलीला रोज संध्याकाळी फोन करतो तेव्हा त्याच्या आवाजात जो राग असतो तो मुळात धसका असतो. "मोबाइल कमी कर. पहाटे उठून पळ. अंग हलकं होईल." दोनदा ते तिला गावाकडे घेऊन गेले आणि ताकदीचं सलाईन लावून आणलं, पिवळ्या पाण्याची बाटली. एक-दोन दिवस तिला बरं वाटलंही. मग पुन्हा तेच.

दिवाळीच्या सुट्टीत वैष्णवी घरी आली. बालाजींनी ठरवलं होतं की या दहा दिवसांत पोरीचा आळस काढायचा. पहाटे पाचला ते तिला उठवायचे, आणि शेतापर्यंत पळत जाऊन पळत यायचं. पहिल्या दिवशी ती पळाली. दुसऱ्या दिवशीही. वडील खूश झाले, घरात सगळ्यांना सांगितलं, "बघा, म्हणत नव्हतो?" तिसऱ्या दिवशी ती अर्ध्यातून चालत आली. पाचव्या दिवशी सकाळी आईनं तिला वेणी घालायला बोलावलं तेव्हा ती स्वतःच करते म्हणाली, ओसरीत बसली, फणी केसांत घातली, आणि हात वर धरवेना. फणी केसांत तशीच अडकली आणि हात मांडीवर येऊन पडला. तिनं पुन्हा उचलला. पुन्हा पडला. मग ती भिंतीला टेकून गप्प बसून राहिली.

हे पाहणारं एकच माणूस तिथे होतं, तिचे आजोबा. घरात सगळे त्यांना आबा म्हणत. वय ऐंशीच्या आसपास, सगळं आयुष्य औतामागं गेलेलं. त्यांना नीट म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. पण काम करणारं शरीर कधी टाळाटाळ करतं आणि कधी खरंच संपतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"बालाजी," ते म्हणाले, "उद्यापासनं पोरीला पळवू नको."

"आबा, तुम्ही लाड करू नका. तिला काही झालेलं नाही. ताप गेला, प्लेटलेट वाढल्या, जेवायली बी."

"खुरकूत आठवतीय का तुला?"

बालाजींना ती आठवत नव्हती, ते तेव्हा लहान होते. पण मराठवाड्यातल्या कुठल्याही म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारा, तो सांगेल. लाळ्या-खुरकूत आली की जनावराच्या तोंडातून लाळ गळते, जिभेवर फोड येतात, खुरांच्या बेचक्यात जखमा होतात. मोठं जनावर बहुधा मरत नाही. पंधरा-वीस दिवसांत खूर भरतात, ताप जातो, चारा खाऊ लागतं. आणि खरी परीक्षा त्यानंतर असते.

"त्या साली आपल्या दावणीला एक देवणी बैल आन् थोरल्याच्या दावणीला त्याचाच भाऊ," आबा सांगू लागले. "दोघांला एकदाच झाली, दोघं एकदाच उठले. रब्बीची पेरणी तोंडावर आली व्हती. थोरल्यानं त्याचा बैल तिफणीला जुपला. सकाळी चालला बैल. ऊन चढलं तसा धापायला लागला. जीभ बाहेर. थोरला म्हणाला, खाऊन माजलाय. चाबूक वढला. बैल दोन तास आणखी चालला की! मालकाच्या भ्यानं चालला. आठ दिवस असंच. मग फरात बसला तो बसला. जगला पुष्कळ वर्षं, पण ऊन तापलं की सावलीत बी धापायचा. औताला परत कामाचा ऱ्हायला न्हाई."

"आन् आपला?"

"आपला म्या पेरणीला काढलाच न्हाई. शेजाऱ्याचा मागून आणला, त्याचं काम करून फेडलं. आपला चांदण्यात फिरवायचो, पाण्यावर नेऊन आणायचो. धाप लागायच्या आत माघारी. उन्हाळ्यात हलकी पाळी घातली, तीबी सकाळच्या पारी. पुढच्या मिरगाला तिफण वढली त्यानं." आबा थोडं थांबले. "बैल बसला तर मारायचं नसतंय बाबा. आदी खांदा बघायचा. खांदा सुजलाय का, खुरात काटा हाय का, अंगाला गोचीड लागलीय का, रवंथ करतोय का, आजारातून उठलाय का. सगळं बघायचं. मग बोलायचं."

आबांनी सांगितलेली ती धाप काही शेतकऱ्यांची दंतकथा नाही. खुरकुतीतून उठलेली काही जनावरं पुढे महिनोन् महिने ऊन सोसू शकत नाहीत, हे पशुवैद्यकाच्या पुस्तकांतही लिहिलेलं आहे. आजार गेला तरी शरीर पूर्वपदावर आलं असं होत नाही, एवढं त्यातून घ्यायचं.

बालाजी त्यावर काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मुलीला उठवलं नाही, आणि दोन दिवसांनी तिला घेऊन ते सरकारी रुग्णालयात गेले. तिथल्या डॉक्टर मॅडमकडे गर्दी होती. तरी त्यांनी वैष्णवीला शेवटी बसवून घेतलं आणि बराच वेळ नुसते प्रश्न विचारले. ताप कधी आला, त्याआधी कशी होतीस? किती झोपतेस, उठल्यावर कसं वाटतं? काय खातेस? पाळी किती दिवस असते, कपडा किंवा पॅड किती वेळा बदलावा लागतो? जेवणावर चहा पितेस का? वजन कमी झालं का, खोकला आहे का, संध्याकाळी ताप येतो का, घरात कुणाला क्षय होता का? काम केल्यावर कधी वाईट वाटतं, लगेच की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी?

मग त्यांनी बालाजींना बाहेर बसायला सांगितलं. हे त्यांना आवडलं नाही, पण ते गेले. दार लोटल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "वसतिगृहात कुणी त्रास देतं का? जगणं नको वाटतं का कधी?" वैष्णवी तेव्हा पहिल्यांदा रडली. "तसं नाही मॅडम. मला अभ्यास करायचाय. खेळायचंय. सगळं करावंसं वाटतं. होत नाही."

हे उत्तर डॉक्टरांनी कागदावर जसंच्या तसं लिहून घेतलं. मन खचलेल्या मुलाला पुष्कळदा काही करावंसंच वाटत नाही. इथे मन पुढे धावत होतं आणि शरीर येत नव्हतं. दोन्ही गोष्टी एकत्रही असू शकतात, दीर्घकाळच्या थकव्यानं नैराश्य येतं आणि नैराश्यानं थकवा येतो, म्हणून तो प्रश्न एकट्यात आणि स्पष्ट शब्दांत विचारावाच लागतो. बापासमोर विचारला असता तर उत्तर मिळालं नसतं.

नंतर त्यांनी तिला टेबलावर दहा मिनिटं स्वस्थ झोपवलं आणि नाडी मोजली. बहात्तर. मग उठवून भिंतीला पाठ टेकवून उभं केलं, हलायचं नाही, बोलायचं नाही. दर दोन मिनिटांनी नाडी आणि रक्तदाब. शहाण्णव. एकशे आठ. बालाजींना आता आत बोलावलं होतं आणि ते बघत होते. मुलीच्या कपाळावर घाम येत होता, पावलं निळसर-लाल होत चालली होती. दहाव्या मिनिटाला नाडी एकशे अठरा. नुसतं उभं राहून.

"उभं राहिल्यावर मुलांच्या नाडीचे ठोके चाळीसनं किंवा त्याहून जास्त वाढले तर आम्हाला लक्ष द्यावं लागतं," डॉक्टर म्हणाल्या. "हिचे सेहेचाळीसनं वाढले. तुम्ही हिला शेतापर्यंत पळवत होता."

रक्ताचे रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन साडेबारा, थायरॉइड ठीक, साखर ठीक, बी-१२ ठीक, छातीचा फोटो स्वच्छ. बालाजींच्या चेहऱ्यावर जुना संशय परत आला. "सगळं नॉर्मल आहे म्हणजे तिला काही नाही ना?"

"सगळं नॉर्मल आहे म्हणजे आपण शोधलेले आजार नाहीत. मुलगी आजारी नाही, असं या कागदावर कुठं लिहिलंय?"

आजाराचं नाव त्यांनी त्या दिवशी दिलं नाही. थकवा तीन महिने टिकला, विश्रांतीनं गेला नाही, झोपेनं ताजं वाटलं नाही, आणि श्रम केल्यानंतर असंच कोसळणं होत राहिलं, तर मग आपण त्याला दीर्घकालीन थकव्याचा विकार म्हणू, असं त्या म्हणाल्या. काही देशांत सहा महिन्यांची अट आहे. पण काळजी घ्यायला नावाची वाट बघायची नसते.

अशा विकाराची वाट बहुधा एखाद्या संसर्गातून जाते, एवढं आता पक्कं झालेलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या डब्बो या गावाच्या परिसरात तीन वेगवेगळ्या संसर्गांनी आजारी पडलेल्या २५३ जणांवर लक्ष ठेवलं गेलं. सहा महिन्यांनी त्यांच्यातल्या ११ टक्क्यांना हा विकार जडलेला होता. कुणाला जडेल याचा अंदाज कशावरून बांधता आला? सुरुवातीचा आजार किती तीव्र होता यावरून. माणसाचा स्वभाव, मनाची ठेवण यांवरून तो बांधता आला नाही. २००६ मध्ये हे प्रसिद्ध झालं, आणि तरी आजही मुलाच्या स्वभावावरच बोट ठेवलं जातं. शिकागोच्या डॉक्टरांनी एपस्टाइन-बार विषाणूच्या तापातून उठलेल्या ३०१ किशोरवयीन मुलांचा पाठपुरावा केला. सहा महिन्यांनी १३ टक्के, वर्षानं ७ टक्के, दोन वर्षांनी ४ टक्के मुलं या विकारात होती. म्हणजे बहुतेक मुलं सुधारतात, हा मोठा दिलासा आहे. मात्र दोन वर्षांनीही आजारी असलेल्या त्या तेरा जणांत एकही मुलगा नव्हता, सगळ्या मुली. डेंग्यूनंतरचा लांबलेला थकवा तर आपल्याकडच्या प्रत्येक पावसाळ्यानंतर डॉक्टर बघतात.

उपचार काय, तर बैलाच्या बाबतीत आबांनी केला तोच. ताकद संपायच्या आत थांबायचं. डॉक्टरांनी सांगितलं, की चांगला दिवस आला तर तो पुरता खर्च करायचा नाही. अभ्यास हेही श्रमच, बसून केला म्हणून तो फुकट होत नाही. पंचवीस मिनिटं वाचायचं, मग डोळे मिटून पडायचं, मोबाइलही नाही. अंघोळ बसून. रांगेत उभं राहायचं नाही. पाणी भरपूर, आणि रक्तदाब तपासून त्यांनी सांगितलं तेवढं मीठ जास्त. त्या पिवळ्या सलाईननं बरं वाटायचं ते बहुधा त्यातल्या मिठाच्या पाण्यानं, ते तोंडानं घेता येतं आणि पैसे लागत नाहीत. व्यायाम रोज थोडा-थोडा ठरवून वाढवायचा, हा सल्ला ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शिकेनं २००७ मध्ये दिला होता आणि २०२१ मध्ये काढून टाकला, कारण या आजारात श्रमानंतर त्रास वाढतो. घरोघर "पळ म्हणजे बरं वाटेल" असं म्हणणाऱ्यांनी एवढं एक तरी लक्षात ठेवावं.

आता सानिकाकडे वळू. दिवाळीनंतर वैष्णवी परत आली नाही. तिनं फोनवर सगळं सांगितलं आणि म्हणाली, "तू पण दाखव गं. त्या पेन्सिली खातेस ते पण सांग." सानिकाला तेच सांगायची लाज होती. पण सांगितलं, आणि डॉक्टरांना अर्धं निदान तिथेच मिळालं. शरीरात लोह कमी झालं की माती, खडू, पेन्सिल, कच्चे तांदूळ, बर्फ असलं काही खावंसं वाटतं. हिमोग्लोबिन भरलं ८.६. पाळीत दर दोन तासांनी पॅड बदलावं लागत होतं, आणि ते तिनं आजवर कुणाला मोजून सांगितलंच नव्हतं. जेवणावरचा चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नव्हता. आणि झोप चार तास.

गावच्या शाळेत असताना दर आठवड्याला एक निळी गोळी मिळायची, लोह आणि फॉलिक ॲसिडची. मळमळतं म्हणून तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी कित्येक गोळ्या खिडकीतून फेकल्या होत्या. जेवणानंतर घ्या, मळमळ चार-सहा वेळांत कमी होते, एवढं कुणी समजावून सांगितलं असतं तर! देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के आणि मुलांपैकी ३१ टक्के रक्तक्षयी आहेत, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. म्हणजे कुठल्याही वर्गात पाठीमागच्या बाकावर पेंगणाऱ्या मुलींत रक्त कमी असलेली मुलगी सापडणं हेच जास्त शक्य आहे, आणि मुलगा आहे म्हणून त्यालाही वगळता येणार नाही.

सानिकाला लोहाच्या गोळ्या मिळाल्या, जंताची गोळी मिळाली, पाळीसाठी वेगळं औषध मिळालं. गोळी लिंबूपाण्याबरोबर, चहा त्याच्या आसपास नाही. झोप साडेदहाला, मोबाइल रेक्टर मॅडमकडे. तीन आठवड्यांत ती दुसऱ्या मजल्यावर न थांबता वर आली. पेन्सिलींचा पुडा खणात तसाच राहिला, आठवणच होईना. डॉक्टरांनी बजावलं होतं की बरं वाटलं तरी गोळ्या सोडायच्या नाहीत, रक्त भरल्यावरही आणखी तीन महिने घ्यायच्या, कारण कोठारही भरावं लागतं. तिनं त्या घेतल्या. संध्याकाळी ती मैदानावर चालायला जाऊ लागली आणि त्यानं तिला आणखी हुशारी आली.

सानिकाला जे श्रम मानवले, तसल्याच श्रमांनी वैष्णवी आडवी झाली होती. वैष्णवीला लोहाच्या गोळ्यांचा डोंगर चारला असता तरी तिचा थकवा गेला नसता, आणि सानिकाला नुसती विश्रांती दिली असती तर ती महिन्यामहिन्यानं पांढरी पडत गेली असती. दोघींना मिळून एकच औषध गावानं, वर्गानं आणि घरानं देऊन झालं होतं, बोलणी. ते एकीलाही लागू पडलं नाही.

वैष्णवीनं त्या वर्षी परीक्षा दिली नाही. फीचे पैसे परत मिळाले नाहीत. बालाजींनी ते सोसलं, आणि एक गोष्ट आणखी केली जी मला फीपेक्षा मोठी वाटते. भावकीत कुणी विचारलं, "पोरगी घरी कशी?", तर ते म्हणायचे, "आजारी आहे. डॉक्टरांनी सांगितलंय." एवढं वाक्य बापानं चारचौघांत उच्चारलं की मुलीला घरात श्वास घेता येतो. आबा तिच्या अभ्यासाचे राखणदार झाले. त्यांना घड्याळ कळायचं, पुस्तक कळायचं नाही. ती वाचायला बसली की ते ओसरीत बसून राहायचे आणि वेळ झाली की म्हणायचे, "बस बाई. आता सावलीत." सुरुवातीला तिला राग यायचा, कारण तेव्हाच नेमकं कळायला लागलेलं असायचं. पण तेव्हाच थांबायचं होतं.

हळूहळू कोसळण्याचे दिवस कमी झाले. आठवड्यातून दोनदा होते ते महिन्यातून एकदा आले. पुढच्या वर्षी तिनं बारावीची परीक्षा दिली, पेपरांच्या मधले दिवस पूर्ण पडून राहून. सध्या ती उदगीरला बीएस्सी करते. वर्गाला बसते, प्रात्यक्षिकाला स्टूल मागून घेते. खो-खो अजून खेळत नाही. सानिका नर्सिंगला आहे. तिनं आपल्या वसतिगृहात पहिलं काम केलं ते म्हणजे मेसमध्ये जेवणाबरोबर येणारा चहा तासभर पुढे ढकलायला लावला.

तुमच्या घरात, वर्गात किंवा वसतिगृहात एखादं मूल महिनाभर दमलेलं दिसत असेल, तर त्याला बोलण्याआधी डॉक्टरांकडे न्या. हिमोग्लोबिनची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट होते, आणि किशोरवयीन मुलांसाठी राज्यात सरकारी दवाखान्यांतून मैत्री क्लिनिक आहेत. गेल्या वर्षात त्याला कोणता ताप आला होता, ते किती झोपतं, काय खातं, मुलगी असेल तर पाळी किती दिवस असते, आणि दमल्यावर बरं व्हायला किती दिवस लागतात, हे एका कागदावर लिहून न्या. आणि डॉक्टरांनी सांगितलं तर थोडा वेळ बाहेर बसा. मुलाला एकट्याला बोलू द्या.